बिश्केकला जाणाऱ्यांसाठी

बिश्केकला जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात शहर तापतं आणि थंडीत घराघरांतून कोळशाचा धूर निघतो, तो थेट घशात जाऊन बसतो. विमानतळावर टॅक्सीवाले गराडा घालतील, त्यांच्याकडे बघायचं नाही, फोनवरून गाडी बोलवायची. शाकाहारी असाल तर सोबत पोहे, चिवडा, तयार उपमा काय ते न्या. तिथल्या लोकांना मांसाशिवाय जेवण म्हणजे आजारी माणसाचं जेवण वाटतं. आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा दक्षिणेकडे बघा. रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर उभे दिसतील, इतके जवळ की आपण चुकून कुणाच्या खोलीत शिरलोय असं वाटतं.

ही माहिती मी इथे अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँट आणि आसपासच्या वीस-पंचवीस जणांना तरी दिली असेन. मंडळाच्या गणपतीत दिली, मुलांच्या सॉकरच्या मैदानाबाहेर दिली, एकदा तर इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना दिली. किर्गिझस्तान हा देश इथल्या बहुतेकांना नकाशात दाखवता येत नाही आणि मी तिथे पाच आठवडे राहिलोय, त्यामुळे मी आपोआप तज्ज्ञ. वासरांत लंगडी गाय शहाणी. माझा नंबर लोक एकमेकांना देतात, आणि देताना बहुधा आवाज खाली करून हेही सांगतात, की तिथेच अडकला होता रे बिचारा, वडील गेले तेव्हा.

बिचारा हा शब्द मला आवडत नाही. माझ्या बाबतीत तर तो खोटाच आहे.

आमच्यासारखी माणसं तिथे फिरायला जात नसत. व्हिसाच्या शिक्क्यासाठी जात. इथे राहायची, नोकरी करायची परवानगी माझ्याकडे होतीच, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला पासपोर्टात व्हिसाचा ताजा शिक्का लागतो आणि तो अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतच मिळतो. त्या वर्षी भारतात त्यासाठीच्या मुलाखतीची तारीख मागितली तर वर्षभरानंतरची मिळत होती. मग आपल्या हुशार लोकांनी शक्कल काढली. ज्या देशात तारीख लवकर मिळेल तिथे जायचं, शिक्का घ्यायचा आणि मग घरी. कुणी बँकॉकला गेलं, कुणी आणखी कुठे. मला बिश्केकची तारीख मिळाली. आता नियम बदललेत, ती वाट बंद झालीय म्हणतात. झाली तर बरंच झालं.

तेव्हा नागपुरात बाबा आजारी होते. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई आणि माझी धाकटी बहीण सगळं बघत होत्या. एके दिवशी बहिणीने फोन केला. म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणून राहिले की येऊन जायला सांगा." येऊन जायला सांगा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

सरळ नागपूरला गेलो असतो तर वर्षभर तिथेच अडकलो असतो. नोकरी गेली असती, पाठोपाठ घर, मुलीची शाळा. आधी बिश्केकला गेलो तर आठवड्याभरात शिक्का, तिथून तीन-साडेतीन तासांत दिल्ली, आणि त्याच दिवशी नागपूर. मी बायकोला लॅपटॉपवर हे सगळं तारखांनिशी दाखवलं. एका दगडात दोन पक्षी, असं म्हणालोसुद्धा. त्या वेळी मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

मुलाखत पाच मिनिटांत झाली. खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, काही तपासणी बाकी आहे, पासपोर्ट आमच्याकडे राहील, काही दिवस लागतील किंवा काही आठवडे, नक्की सांगता येत नाही. पुढे म्हणाला, मध्येच पासपोर्टची गरज पडली तर एक ईमेल करा, दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जा, फक्त मग हा अर्ज रद्द होईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी मान हलवली. मला नीट कळलं नसावं असं वाटून त्याने ते पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.

म्हणजे पासपोर्ट कुणी अडकवून ठेवला नव्हता. मागितला असता तर दुसऱ्या दिवशी मिळाला असता. मी मागितला नाही. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही.

राहायला मी एका बाईंच्या घरात एक खोली घेतली होती. जुनी चार मजली इमारत, जिन्यात कोबी शिजल्याचा वास, खिडकीखाली ओकची झाडं. बाई सत्तरीच्या, विधवा. त्यांचा मुलगा शिकागोकडे ट्रक चालवतो आणि सहा वर्षांत घरी आला नव्हता, कागदांची काहीतरी भानगड. आम्हा दोघांत एकही भाषा सारखी नव्हती, सगळा कारभार फोनमधल्या भाषांतरावर. रोज संध्याकाळी त्या हाताने पुस्तक उघडल्यासारखं करून विचारायच्या, "पासपोर्ट?" मी नाही म्हणून मान हलवायचो. मग त्या वकिलातीच्या दिशेला बघून जिभेने च्यक् करायच्या आणि मला चहा द्यायच्या.

तिथल्या चहाची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याला चहा अर्धी वाटीच ओततात, कधी त्याहूनही कमी. संपला की पुन्हा अर्धी. यजमानाला सारखं उठून वाढायला मिळावं, पाहुणा थांबावा, म्हणून. वाटी काठोकाठ भरून दिली तर समजायचं की आता निघा. मी हे बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ते उशीवर डोकं टेकून म्हणाले, "अर्धाच कप? पुण्याचे आहेत का बे ते लोक?" आणि स्वतःच इतके हसले की बहिणीला त्यांना धरावं लागलं.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. तीस वर्षं शिकवला. मध्य आशियाचा धडा त्यांच्या काळात सोव्हिएत संघात होता आणि बिश्केकचं नाव तेव्हा फ्रुंझे होतं. मी तिथे आहे म्हटल्यावर त्यांनी बहिणीकडून जुना ॲटलास काढून घेतला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू श्रीनगरच्या सरळ वर बसून राहिला आहेस. मी दोरा लावून पाहिला. फार दूर नाहीयेस." पंधरा वर्षं मी त्यांच्यापासून अर्धी पृथ्वी दूर होतो, माझी सकाळ म्हणजे त्यांची रात्र. बिश्केकच्या आणि नागपूरच्या घड्याळांत फरक फक्त अर्ध्या तासाचा. रोज दुपारी साडेचारला, त्यांच्या चार वाजता, मी फोन लावायचो आणि ते म्हणायचे, "हं, आज काय पाहिलं? सांग."

मग मी दिवसभर त्यांच्यासाठी शहर बघत हिंडायचो. रस्त्यांच्या कडेने उघडे पाट वाहतात, डोंगरातलं पाणी झाडांच्या मुळांशी नेऊन सोडतात, ते दाखवलं. बाजारात सुक्या जर्दाळूंच्या राशी आणि दह्याचे वाळवून केलेले खारट गोळे दाखवले. एक गोळा मी त्यांच्यासमोर तोंडात टाकला आणि माझं तोंड बघून ते खूश झाले. चौकातले सैनिक पाय झाडत पहारा बदलतात ते दाखवलं. बायका तंदुरातल्या रोट्या कशा छातीशी धरून नेतात, रोटी कधी उलटी ठेवत नाहीत, ठेवली तर कुणीतरी येऊन मुकाट सुलटी करतं, हे सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच एखादा प्रश्न विचारायचे, मास्तरकीचा. पाऊस किती पडतो? वारा कुठून येतो? मला माहीत नसलं की म्हणायचे, "विचारून ठेव, उद्या सांग."

मी त्यांना इतक्या गोष्टी आयुष्यात कधी सांगितल्या नव्हत्या. फ्रीमाँटहून रविवारी फोन व्हायचा तो जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, एवढाच. बिश्केकच्या त्या पाच आठवड्यांत आम्ही दोघं जितके बोललो तितके मी दहावीत असल्यापासून बोललो नव्हतो. हे मला फार गोड वाटायचं. आणि त्या गोडव्याच्या आड मी लपलो होतो, हे आता कळतं. रोज बोलणं होतंय ना, मग दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं?

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला इस्सिक-कुल सरोवर बघायला पाठवलं. "गोठत नाही म्हणून मी शिकवलं," म्हणाले. "पाणी थोडं खारं असते म्हणूनही शिकवलं. चाखून तर मी पाहिलं नाही. तू जा, चाख आणि मला सांग." बिश्केकहून छोट्या बसगाड्या सुटतात, चार तास लागतात, शेवटचा रस्ता एका उघड्याबोडक्या खिंडीतून जातो. तुम्हीही जा. एवढं मोठं पाणी आणि पलीकडे बर्फाच्या रांगा. आमच्या विदर्भातल्या माणसाला तळं म्हटलं की अंबाझरी आठवतो, त्याला हे बघून बोलायचं सुचत नाही. मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. किंचित खारट होतं, वरणात मीठ कमी पडावं इतपत. फोन लावला तेव्हा बाबा झोपले होते. बहीण म्हणाली, "आजकाल दिवसाच झोपून राहतात, दादा. तू कधी येशील?"

मी म्हणालो, "पासपोर्ट मिळाला की लगेच."

त्या रात्री मी वकिलातीला ईमेल लिहिला. वडील गंभीर आहेत, पासपोर्ट परत द्यावा. चार ओळींचा. लिहून ठेवला, पाठवला नाही. तीन आठवडे थांबलोच आहे, सोमवारी मिळेल, असं वाटलं. सोमवारी वाटलं गुरुवारी. ज्यांनी कधी सरकारी खिडकीसमोर रांग लावलीय त्यांना हे कळेल. अर्धा दिवस उभं राहिल्यावर रांग सोडवत नाही, आपल्याआधी फक्त चारच माणसं राहिलीत असं वाटत राहतं.

बाबा गेले पाचव्या आठवड्यात, बुधवारी पहाटे. बहिणीचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. ती रडत नव्हती. म्हणाली, "तू पोचू शकशील का, तेवढंच सांग. नाहीतर मी करते सगळं." मी म्हणालो, तू कर. मग खोलीत येऊन तो जुना ईमेल उघडला, त्यातला 'वडील गंभीर आहेत' हा भाग खोडला, दुसरा लिहिला आणि पाठवला. तासाभरात उत्तर आलं. उद्या सकाळी नऊ वाजता या, असं त्यात होतं, आणि सांत्वनाची एक ओळ.

घरमालकीण बाईंना मी फोनवर मराठीत लिहून त्याचं भाषांतर दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तेलाचा वास आला. त्या कणकेचे छोटे तुकडे तळत होत्या, ते शंकरपाळ्यासारखे टम्म फुगत होते. त्यांच्याकडे माणूस गेला की तळण करतात, तापल्या तेलाचा वास गेलेल्यापर्यंत पोचतो म्हणतात. आणि आमच्याकडे तेरा दिवस घरात कढई चढत नाही. मी दारात उभा होतो. नागपूरच्या घरात त्या वेळी चूल बंद, आणि माझ्या बापासाठी जगात एकाच ठिकाणी काहीतरी शिजत होतं, तेही एका परक्या बाईच्या हातून. त्यांनी बशी पुढे केली. मी दोन खाल्ले. त्यांनी चहा दिला, नेहमीसारखाच, अर्धी वाटी.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पासपोर्ट मिळाला. सही करायला दोन मिनिटं लागली.

नागपूरला पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. अग्नी बहिणीने दिला होता. घरात माणसंच माणसं, आणि प्रत्येकजण मला जवळ घेऊन एकच वाक्य बोलत होता, की तुझा काय दोष, पासपोर्टच त्यांच्यापाशी. आईही तेच म्हणाली. मी कुणालाही खोडून काढलं नाही. पहिल्या दिवशी गप्प बसलो, दुसऱ्या दिवशी मान हलवली आणि तेराव्यापर्यंत मी स्वतःच ते वाक्य सांगायला लागलो होतो. पुढे कुणीतरी सोडलेली तारीख हाती लागली आणि शिक्का मुंबईत चार महिन्यांनी मिळाला. ज्या नोकरीसाठी मी बाबांना थांबवून ठेवलं, त्या नोकरीने माझी चार महिने वाट पाहिली. साहेबाने फुलं पाठवली, हवा तेवढा वेळ घे असं लिहिलं. विचारलं असतं तर आधीही तेच म्हणाला असता, पण मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, ती वाट बंद व्हायच्या आधी, एका शनिवारी दुपारी आमच्याकडे एक मुलगी आली. बायकोच्या ऑफिसातली, पुण्याची, तीन वर्षांपूर्वी इथे आलेली. तिला बिश्केकची तारीख मिळाली होती. आई पुण्यात कॅन्सरने आजारी. डायनिंग टेबलावर फोन ठेवून ती माझं सगळं बोलणं टाइप करत होती.

"म्हणजे आधी स्टॅम्पिंग करते आणि तिथून डायरेक्ट दिल्ली, मग पुणे," ती म्हणाली. "आई म्हणते काही घाई नाही, बट आय नो."

मी तिला सप्टेंबर-ऑक्टोबर सांगितलं, टॅक्सी सांगितली, दक्षिणेकडचे डोंगर सांगितले. सरोवराचंही सांगितलं. हे मी झोपेतही सांगू शकतो. बायको ओट्यापाशी कांदेपोहे परतत होती.

मुलीने टाइप करायचं थांबवलं. "दादा, एक विचारू? समजा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे आणि मध्येच घरून कॉल आला. तर परत मागता येतो का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको ओट्यावरून म्हणाली, "नाही गं, नाही देत. ह्याने किती ट्राय केलं होतं, यार. बाबा जाईपर्यंत देईनात. तू तेवढी मनाची तयारी ठेवूनच जा."

मुलीने मान हलवली आणि ते लिहून घ्यायला लागली. माझं खोटं माझ्या डोळ्यांदेखत तिच्या फोनमध्ये उतरत होतं. ती ते घेऊन तिकडे जाणार होती, आणि घरून फोन आला तर ईमेल न करता एखाद्या खोलीत बसून राहणार होती, कारण फ्रीमाँटच्या दादांनी सांगितलंय की देत नाहीत.

"देतात," मी म्हणालो.

"काय?"

"पासपोर्ट परत देतात. एक ईमेल करायचा, दुसऱ्या दिवशी देतात. तुझी ॲप्लिकेशन कॅन्सल होते, बाकी काही होत नाही. फोन आला तर त्याच दिवशी ईमेल कर. खरं म्हणजे फोनचीही वाट बघू नकोस. तारीख कॅन्सल कर आणि आधी घरी जा."

"पण वहिनी तर म्हणाल्या..."

"तिला मी तसं सांगितलं होतं."

ओट्यावरचा उलथन्याचा आवाज थांबला. मुलीला काही कळलं, काही नाही. तिने फोन उचलला, थँक्स दादा म्हणाली आणि पोहे न खाताच निघाली. दारापर्यंत तिला सोडायला आम्हा दोघांतलं कुणीच गेलं नाही. ती तारीख तिने रद्द केली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बायकोने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"बाबांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"त्यांनी विचारलं नव्हतं कधी?"

"विचारलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, मागून तर पाहा एकदा, देतील."

"मग?"

"मी म्हणालो, मागितला बाबा, देत नाहीत." आता थांबून उपयोग नव्हता. "तर मलाच समजावत बसले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नको बेटा, तू तरी काय करशील?"